जमीन बादशहाची, असं बर्निये म्हणाला

नेकनाम खान नावाचा एक उमराव होता. उभा जन्म मोगल दरबारात मोठमोठ्या हुद्द्यांवर घालवलेला, पैसाही बक्कळ जमवलेला. आपण मेलो की हे सगळं बादशहाच्या खजिन्यात जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून शेवटचे दिवस जवळ आल्यावर त्याने धन गुपचूप विधवांना आणि गोरगरिबांना वाटून टाकलं. पेट्यांत मोडकं लोखंड, हाडं, झिजलेले जोडे आणि चिंध्या भरल्या, वर मोहोर ठोकली आणि सांगून ठेवलं की या पेट्या फक्त शहाजहान बादशहाच्या. तो गेला, पेट्या दरबारात आल्या, बादशहाने सगळ्या उमरावांदेखत त्या उघडायला लावल्या. आतला माल पाहिल्यावर तो एक शब्द न बोलता उठून गेला.

ही गोष्ट लिहून ठेवली फ्रान्स्वा बर्निये या फ्रेंच वैद्याने. खरी असेल, दरबारातली गप्पाही असेल. पण मोठा मनसबदार मेला की त्याची मालमत्ता सरकारजमा व्हायची, एवढं खरंच होतं. बर्नियेने यातून जो निष्कर्ष काढला तो मात्र पेटीतल्या जोड्यांपेक्षा फार लांब गेला. हिंदुस्थानातल्या इंचन् इंच जमिनीचा मालक बादशहा आहे, रयतेचं असं काहीच नाही, आणि आशियाची राज्यं खचतात ती याच कारणाने, असं त्याने लिहिलं. पुढची दोनशे वर्षं हे वाक्य युरोपात हातोहात फिरलं आणि फिरत फिरत पुणे जिल्ह्यातल्या शेतांपर्यंत येऊन पोचलं. या लेखात त्या वाक्याचा माग काढायचा आहे.

बर्नियेचा जन्म १६२० चा. गासेंदी या तत्त्वज्ञाचा शिष्य, माँपेलिए विद्यापीठाचा पदवीधर डॉक्टर. १६५८ च्या अखेरीस तो सुरतेला उतरला तेव्हा शहाजहानच्या मुलांची गादीसाठीची लढाई सुरू होती. पळत निघालेल्या दारा शुकोहबरोबर काही दिवस वैद्य म्हणून राहिला, मग दिल्लीत दानिशमंद खान या विद्वान उमरावाच्या पदरी लागला. खानाला तो हार्वे, गासेंदी, देकार्त या युरोपातल्या विद्वानांचे विचार समजावून सांगायचा, फारसीत उतरवून द्यायचा. औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरला गेला, बंगाल पाहिला. माणूस उथळ नव्हता. सांगोवांगीवर विसंबणाऱ्या इतर प्रवाशांशी तुलना केली तर त्याची नजर फारच तयार. त्याचं म्हणणं इतकं टिकलं ते यामुळेही.

मायदेशी परतल्यावर १६७० पासून त्याचे ग्रंथ निघाले. त्यात चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याला लिहिलेलं एक लांबलचक पत्र आहे. कोल्बेरने १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली होती, म्हणजे वाचणारा रिकामटेकडा नव्हता. पत्रात म्हटलंय: बादशहा जमिनीचा धनी, अपवाद असलाच तर काही घरं आणि बागा, ज्या विकण्या-घेण्याची तो प्रजेला अधूनमधून मुभा देतो. जमीन जहागिरीने सरदारांना मिळते. जहागीरदाराची आज ना उद्या बदली होणार, मग पाट दुरुस्त कोण करणार? तो म्हणतो, आहे तोवर पिळून घ्या. शेतकरी म्हणतो, माझं काहीच नाही तर राबू कशाला? आणि पळून जातो. तुर्कस्तान, इराण, हिंदुस्थान या तिन्ही ठिकाणी ‘माझं’ आणि ‘तुझं’ हा भेदच उरलेला नाही, म्हणून तिथे उजाड पडत चाललंय. आणि शेवटी मुद्द्यावर येतो: देव करो आणि आमच्या युरोपातले राजे असे सगळ्या जमिनीचे धनी न होवोत.

पत्राचा रोख इथे उघड होतो. वाचणारा लुईचा मंत्री. राजाचा हक्क प्रजेच्या मालमत्तेवर कुठवर चालतो, हा तिथला त्या काळचा नाजूक प्रश्न. हिंदुस्थान हा त्या वादात दाखवायला आणलेला वाईट नमुना. लेकी बोले सुने लागे, असला हा प्रकार.

पण त्याने पाहिलेलं खोटं होतं का? नाही. जहागीरदाराची तीन-चार वर्षांत बदली व्हायची हे खरं. त्यातून होणारी पिळवणूक खरी, रयतेचं परागंदा होणंही खरं. फारसी कागदपत्रं या बाबतीत बर्नियेला दुजोराच देतात. चूक झाली ती एका ठिकाणी. तो राहिला सरदाराच्या वाड्यात. सरदाराची जहागीर म्हणजे ठरावीक मुलखाचा महसूल पगारापोटी गोळा करायचा अधिकार. ती त्याची जमीन कधीच नव्हती, त्यामुळे बादशहाने ती काढून घेणं म्हणजे नोकरीतल्या माणसाची बदली. बर्नियेने महसूल मिळवायच्या हक्काला जमिनीची मालकी समजलं, आणि सरदाराला ती नाही हे पाहून ठरवलं की कुणालाच नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर कलेक्टरचा बंगला सरकारी आहे हे पाहून कुणी अख्ख्या जिल्ह्यातली घरं सरकारी ठरवावीत, तसं.

गंमत पुढेच आहे. बर्निये हिंदुस्थान सोडून निघाला १६६७ च्या सुमारास. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच, १६६८-६९ मध्ये, औरंगजेबाने गुजरातचा दिवाण मुहंमद हाशिम याला महसुलाबद्दल एक सविस्तर फर्मान पाठवलं. त्यात जमीन कसणाऱ्यासाठी शब्द वापरलाय ‘मालिक’. मालिक जमीन कसू शकला नाही तर ती दुसऱ्याला लावून द्यावी, खंडातून सरकारी देणं वळतं करून उरलेलं मालिकाला पोचवावं. वर्षाच्या मध्ये जमीन विकली गेली तर वसूल विकणाऱ्याकडून घ्यायचा की घेणाऱ्याकडून, याचाही खुलासा आहे: नव्या धन्याला पीक काढण्याइतका वेळ उरला असेल तर त्याच्याकडून, नाहीतर जुन्याकडून. विकता न येणाऱ्या जमिनीसाठी असले नियम कुणी करत बसत नाही. त्याआधी अकबराच्या काळात अबुल फज़लनेही महसुलाचं समर्थन करताना, राजा रक्षण करतो त्याचा हा मोबदला, असंच म्हटलंय. राजा धनी असता तर एवढी सबब सांगावी लागली नसती, हा इतिहासकार इरफान हबीब यांचा मुद्दा मला तरी बिनतोड वाटतो.

तेव्हा ज्याला बर्निये सगळ्या जमिनीचा मालक म्हणत होता, तो स्वतःच रयतेला मालिक म्हणत होता. पण ते फर्मान फारसीत दफ्तरात पडून राहिलं आणि पत्र फ्रेंचमध्ये छापून निघालं. लंडनच्या रॉयल सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याने १६७१ मध्ये ग्रंथ इंग्रजीतही आणला.

बर्निये एकटाही नव्हता. जहांगीराच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, टॉमस रो त्याआधी पन्नास वर्षं असंच काही लिहून गेला होता. तोही दरबारापुरताच फिरलेला. उलट इराणात अनेक वर्षं काढलेला जवाहिऱ्या शार्दां याने तिथल्या जमिनीचे चार प्रकार नोंदवले: सरकारी, खास राजाच्या, देवस्थानी आणि खासगी लोकांच्या. पण चार प्रकार लक्षात ठेवणं अवघड, ‘सगळं राजाचं’ हे सोपं.

१७४८ मध्ये माँतेस्क्योने आपल्या कायदेविषयक ग्रंथात या प्रवाशांच्या माहितीवर ‘पौर्वात्य हुकूमशाही’चा इमला चढवला: राजा स्वतःला साऱ्या जमिनीचा धनी आणि साऱ्या प्रजेचा वारस म्हणवतो, असं राज्य सगळ्यांत वाईट. म्हणजे नेकनाम खानाच्या पेट्या आणि कुणब्याचं वावर एकाच वाक्यात बांधले गेले. व्हॉल्तेरला हे पटलं नाही, इतक्या कोटी लोकांच्या देशात कुणाचंच काही नाही हे कसं शक्य आहे, असा त्याचा साधा सवाल होता. तो हिंदुस्थानात कधी आला नव्हता, पण अक्कल शाबूत होती.

या साखळीत एकच माणूस असा, जो इथे येऊनही गेला आणि उलटही बोलला: आंकेतिल-द्युपेराँ. पारशांचे धर्मग्रंथ मिळवायच्या वेडाने १७५५ मध्ये आला, सुरतेच्या दस्तुरांकडे, म्हणजे पारशी धर्मगुरूंकडे, शिकला, १७६१ मध्ये परतला. मध्यंतरी गोव्याकडून घाट चढून मराठी मुलखातून औरंगाबादमार्गे सुरतेपर्यंत गेला. मराठ्यांच्या मुलखात शिरल्यावर आपण जणू सुवर्णयुगातल्या साध्यासुध्या, सुखी लोकांत आलो असं वाटलं, असं त्याने लिहिलंय. (पानिपतापूर्वीची ही गोष्ट. सुवर्णयुग वगैरे जरा जास्तच झालं. पेशवाईतल्या वसुलीचे कागद पाहिलेला माणूस तसं म्हणणार नाही.) पण १७७८ मध्ये त्याने जे पुस्तक काढलं ते भावनेवर उभं नव्हतं. तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थान या तिन्ही ठिकाणी लिखित कायदा आहे आणि खासगी मालमत्ता आहे, हे त्याने मुद्देसूद मांडलं आणि पुस्तक हिंदुस्थानच्या लोकांना अर्पण केलं. त्याने आणखी एक गोष्ट ओळखली होती: जमीन राजाची असं एकदा ठरलं, की राजाला हरवणाऱ्याला सगळी जमीन आपोआप मिळते.

हे तो लिहीत होता तेव्हा इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा अधिकार, मिळून तेरा वर्षं झाली होती. कलकत्त्यात हाच वाद पेटला. जेम्स ग्रँट म्हणे, धनी सरकारच, जमीनदार नुसते वसुली कामगार. फिलिप फ्रान्सिस म्हणे, धनी जमीनदार. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसने कायमधारा करून जमीनदारांना मालक करून टाकलं. कसणाऱ्याचा हक्क दोन्ही बाजूंच्या भांडणात कुठे गेला ते बंगालच्या रयतेने पुढची दीडशे वर्षं भोगलं. १८१० मध्ये मार्क विल्क्सने म्हैसूरकडचे दाखले देऊन दक्षिणेत खासगी जमीन होती असं लिहिलं आणि बर्नियेच्या मताचा समाचार घेतला. तरी जेम्स मिलने आपल्या हिंदुस्थानच्या इतिहासात जुनंच मत उचललं. मिल इथे कधी आला नाही आणि येण्याची गरजही नाही, असं त्याने प्रस्तावनेत बजावलं: विलायतेत खोलीत बसून वर्षभरात जे कळतं ते इथे जन्म काढूनही कळत नाही म्हणे! पुढे तो कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला लागला आणि महसुलाचे खलिते लिहू लागला.

अगदी मार्क्ससुद्धा यातून सुटला नाही. २ जून १८५३ ला त्याने एंगेल्सला पत्र लिहिलं, त्यात बर्नियेचे लांबच्या लांब उतारे आहेत, आणि जमिनीची खासगी मालकी नसणं हीच पूर्वेच्या स्वर्गाचीही किल्ली, असा शेरा आहे. बारा दिवसांनी त्याने थोडं सावरून घेतलं: हा प्रश्न वादाचा आहे, कृष्णेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखात मालकी असावीसं दिसतं.

कृष्णेच्या उत्तरेला काय होतं, ते आता पाहू.

मिरास

मोडी वाचायला शिकताना सरावासाठी ज्या प्रती हातात आल्या, त्यांत एक मिरासपत्र होतं. पहिल्यांदा अक्षरांशी झगडण्यातच जीव गेला, मजकुराकडे लक्ष नव्हतं. नंतर तसे आणखी वाचले तेव्हा ठेवण लक्षात आली. वर तारीख, मग गावचा मोकदम, म्हणजे पाटील, आणि ‘समस्त दाही’, म्हणजे गावकरी मंडळी. अमक्याने येऊन विनंती केली की आपल्याला गावात मिरास नाही. किंवा अमक्याने दुष्काळात दाणा नाही, दिवाणचा, म्हणजे सरकारचा, पैसा देता येईना म्हणून आपली मिरास विकायला काढली. मग किंमत. चतुःसीमा: पूर्वेला कुणाचं शेत, पश्चिमेला ओढा. यावर पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने खावे, कुणी हरकत करणार नाही. खाली गोही, म्हणजे साक्षीदार: पाटील, शेजारचे कुणबी, सुतार, लोहार, महार, चांभार. लिहिता न येणाऱ्याची निशाणी ज्याच्या त्याच्या धंद्याची. कुणब्याचा छोटासा नांगर काढलेला असतो. असा नांगर काढलेला खरेदीचा कागद समोर ठेवला असता, तर बर्निये त्यावर काय म्हणाला असता ते कळायला हवं होतं.

मिरास हा शब्द अरबी, वारसा या अर्थाचा. मिरासदाराला जमीन विकता यायची, गहाण टाकता यायची, मुलाला द्यायला कुणाला विचारावं लागायचं नाही. धारा, म्हणजे सरकारी सारा, भरतोय तोवर कुणी हलवू शकत नव्हतं. त्याच गावात उपरीही असे. तो कौलाने, ठरलेल्या मुदतीपुरती जमीन कसणारा, गावच्या बैठकीत मागे बसणारा. मिरासदाराचं घराणं निर्वंश झालं की ती जमीन गतकूळ व्हायची, आणि पाटील व गाव मिळून ती दुसऱ्याला मिरासीने देत. काही गावांत थळझाडे होते: गावातली जमीन थळांत वाटलेली, प्रत्येक थळाला मूळ घराण्याचं आडनाव. घराणं कधीच संपलेलं, शेत दुसराच कसतोय, तरी थळ त्या जुन्या नावानेच ओळखलं जाई. दख्खनच्या जमीनधारणेवर लिहिणाऱ्या कर्नल साईक्सला या कागदांचं फार अप्रूप वाटलं.

म्हणजे मिरासदार ‘मालक’ होता का? इंग्रजी कायद्यातल्या अर्थाने पुरता नाही. त्याच वावरावर दिवाणाचा धारा होता, देशमुखाचा हक्क होता, पाटलाचा मान होता, बलुतेदारांच्या पेंढ्या होत्या. शिवाय दर तीन वर्षांनी मिरासपट्टी भरावी लागे. सरकारी देणं सोडलं तर यातले हक्क वतन म्हणून वेगळे विकता यायचे. कर्जापायी निम्मी पाटीलकी विकल्याचे कागद आहेत. एका शेतावर चार-पाच जणांचं ‘माझं’ एकावर एक बसलेलं. बर्नियेपासून मिलपर्यंत सगळ्यांचा प्रश्न होता, ‘यातला खरा धनी कोण?’ प्रश्नच असा घातलेला की उत्तरात एकच नाव बसावं. मग जो सगळ्यांत उंच, त्याचं नाव बसलं.

१८१८ ला पेशवाई बुडाली आणि मुलूख एल्फिन्स्टनच्या हाती आला. त्याने कलेक्टरांकडून गावोगावची माहिती मागवली. पुण्याला रॉबर्टसन, खानदेशात ब्रिग्ज. ऑक्टोबर १८१९ च्या अहवालात तो स्वच्छ लिहितो की रयतेतला मोठा हिस्सा आपल्या जमिनीचा मालक आहे, सरकारला ठरावीक धारा देतो, जमीन वंशपरंपरेची आणि विक्रीयोग्य आहे, कर भरतोय तोवर कुणी काढत नाही, आणि थकला तरी निदान तीस वर्षांपर्यंत देणं चुकवून जमीन परत मागता येते. तीस वर्षं! गाव सोडून गेलेल्या माणसाच्या मुलानेही परत येऊन शेत मागावं, इतका हा हक्क चिवट. त्याच सुमारास डॉ. कोट्स याने पुण्याजवळच्या लोणीकंदाची घरन् घर, शेतन् शेत पाहणी केली, तिथेही थळकरी, म्हणजे मिरासदार, आपापल्या जमिनीचे धनी म्हणूनच दिसतात.

हे दोघेही परके, दोघेही राज्य करायलाच आलेले. पण ते चावडीवर बसले आणि कागद मागितले. बर्नियेला चावडी पाहायला मिळाली नाही. मिलला ती पाहायचीच नव्हती.

अहवाल छापला गेला, वाखाणला गेला. आणि दहा वर्षांच्या आत पुण्यात नेमकं उलटं धोरण सुरू झालं.

पंचावन्न टक्के

आर. के. प्रिंगल हा कंपनीच्या हेलबरी कॉलेजातून आलेला तरुण अधिकारी. त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला माल्थस. नवा सिद्धांत रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचा होता: शेतीचा खर्च आणि कसणाऱ्याचा वाजवी नफा वजा जाता जे उरतं तो ‘खंड’, आणि तो न राबता जमीनमालकाच्या खिशात जातो. मिलने त्याला हिंदुस्थानची जोड दिली. इथे जमीनमालक सरकारच, मग खंड सरकारने घेतला तर कुणाचं काय बिघडतं? बर्नियेने ज्याला रोग म्हटलं होतं तेच आता औषध झालं, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत चकित करणारी गोष्ट हीच वाटते. राजाच मालक म्हणून देश उजाड झाला, हे ज्याच्या पत्रात वाचलं, त्याच पत्रातलं ‘राजाच मालक’ एवढंच उचलून त्यावर कर बसवला.

प्रिंगलने १८२७-२८ पासून पुणे जिल्ह्यात मोजणी केली. प्रत्येक जातीच्या मातीचं पीक किती, बैल, बी, मजुरी किती, निव्वळ उत्पन्न किती, सगळा हिशेब मांडला आणि निव्वळ उत्पन्नाच्या पंचावन्न टक्के सरकारचा हिस्सा ठरवला. कागदावर एकदम देखणं काम. पण आकडे पुरवणारे कारकून आणि मोजणीदार लाचेने किंवा भीतीने वाटेल ते लिहीत. त्यात धान्याचे भाव पडले. वसूल होईना, सूट द्यावी लागली, सूट देऊनही होईना. इंदापूरकडची शेतं ओस पडली, लोक निजामाच्या हद्दीत गेले.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. निव्वळ उत्पन्नाचं गणित सोडून दिलं, दर खाली आणले, तीस वर्षांसाठी बांधून दिले. हे पुष्कळ बरं झालं. पण त्यातच मिरासदार आणि उपरी हा फरक पुसला गेला: ज्याच्या नावावर सर्व्हे नंबर, जो आकार, म्हणजे त्या जमिनीचा ठरलेला सारा, भरतो तो खातेदार, त्याला विकायचा, वारसाला द्यायचा हक्क. उपऱ्याचं भलं झालं यात शंका नाही. मिरासदाराचं एक कवच गेलं: पूर्वी जमीन हलायची ती पाटील, समस्त दाही आणि गोत यांच्या साक्षीने; आता दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा पुरेसा झाला. सावकारांनी तो कसा वापरला ते १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दिसलं, जेव्हा कुणब्यांनी सावकारांची दफ्तरं काढून जाळली.

या नव्या धारणेत शेतकऱ्याला ‘ओनर’ म्हटलं नाही. शब्द होता ‘ऑक्युपंट’, म्हणजे जमीन ताब्यात असलेला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात तोच आला, आणि कुणा व्यक्तीची नाही ती सारी जमीन सरकारची, हे कलमही आलं. स्वातंत्र्यानंतर १९६६ ला महाराष्ट्राने आपला अधिनियम केला तेव्हा दोन्ही गोष्टी तशाच पुढे आल्या, फक्त शब्द मराठी झाला.

घरातला सातबारा काढून बघा. गाव, तालुका, भूमापन क्रमांक, आणि शेजारी ‘भूधारणा पद्धती’. तिथे लिहिलंय: भोगवटादार वर्ग १. जमीन सरकारने काही अटींवर दिलेली असेल तर वर्ग २, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. त्याच्या खाली नाव, क्षेत्र, आकार. आकाराची रक्कम पुष्कळ ठिकाणी रुपया-दोन रुपये, कधी नुसते पैसे. गावात कुणालाही विचारलं की हे वावर कुणाचं, तर मालकाचं नाव सांगतात. तलाठीही बोलताना मालकच म्हणतो. लिहिताना भोगवटादार लिहितो.